मुलामुलींची शाळा : एकत्र कीं वेगळी?

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली, कीं शहरांतील पुष्कळ घरांत एक बैठक भरते. घरांतील मुलीची चौथी किंवा सातवी पुरी झालेली असते आणि पुढें तिला कोणत्या शाळेंत घालावयाचें, हा प्रश्न रात्रींच्या जेवणानंतर निघतो. जवळची शाळा चांगली आहे, तिचा निकालही उत्तम लागतो. पण तेथें मुलगे व मुली एका वर्गांत बसतात. मुलींची स्वतंत्र शाळा आहे ती दूर, बसनें जावें लागेल अशी. आजीचा कौल मुलींच्या शाळेकडे असतो, कारण तिच्या वेळीं तेवढें शिक्षणही भाग्याचें मानलें जाई. वडील दोन्ही बाजू बोलून दाखवितात आणि निर्णय उद्यांवर टाकतात. आई बसचें भाडें, पावसाळा आणि संध्याकाळचा अंधार यांचा हिशेब मनांतल्या मनांत करीत असते. ज्या मुलीविषयीं हें सारें चाललेलें असतें, ती आंतल्या खोलींत झोपेचें सोंग घेऊन ऐकत असते. तिच्या धाकट्या भावाची पाळी येते तेव्हां मात्र अशी बैठक भरत नाहीं. त्याला जवळच्या शाळेंत घालतात आणि विषय संपतो.

एवढ्या एका गोष्टींत या प्रश्नाचें बरेंचसें मर्म सांठविलेलें आहे. सहशिक्षणाचा प्रश्न मुलामुलींचा म्हणून मांडला जातो. व्यवहारांत तो बहुतेक वेळां मुलीचाच असतो. मुलगा कोणत्या वर्गांत बसला म्हणून त्याचें शिक्षण थांबल्याचें उदाहरण सांपडणें कठीण. मुलीचें मात्र थांबतें.

वादविवादाच्या सभेंत हा विषय आला, कीं दोन्ही पक्षांचीं भाषणें आधींच ठरलेलीं असतात. एक पक्ष लोणी आणि विस्तव यांचा दाखला देतो, वाढत्या वयांतील संकटें सांगतो, आणि वेगळ्या शाळेंत अभ्यासाकडे लक्ष अधिक लागतें असें म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, घरांत बहीण-भाऊ एकत्र वाढतात. पुढें कचेरींत, इस्पितळांत, न्यायालयांत स्त्रीपुरुषांना एकत्र काम करावयाचें आहे. मग मधल्या पांचसात वर्षांपुरतीच भिंत कशासाठीं? टाळ्या दोघांनाही मिळतात. परंतु मुलींची वेगळी शाळा आपल्याकडे मुळांत निघाली कां, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती केली तर असें दिसतें, कीं मुलामुलींची बुद्धि निराळी आहे म्हणून ही शाळा निघाली नाहीं. नीतीच्या एखाद्या सिद्धांतावरूनही ती फारशी निघाली नाहीं. मुलींना उंबऱ्याबाहेर आणावयाचें, तर त्या वेळीं दुसरें कोणतेंही दार उघडें नव्हतें, म्हणून ती निघाली.

१८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्याच्या बुधवार पेठेंत, भिड्यांच्या वाड्यांत, मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकविण्यासाठीं रस्त्यानें जात तेव्हां त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण टाकलें जाई, ही हकीकत महाराष्ट्रांत लहान मुलांनाही ठाऊक आहे. ज्या शहराला केवळ मुलींची, आणि स्त्री जेथें शिकविते अशी शाळाही सोसवत नव्हती, त्या शहरांत मुलग्यांना व मुलींना शेजारीं बसविण्याची गोष्ट कोणी काढली असती, तर ती शाळा पहिल्याच दिवशीं ओस पडली असती. पुढच्याच वर्षीं मुंबईंत एल्फिन्स्टन कॉलेजांतील तरुणांच्या मंडळानें मराठी व गुजराती मुलींसाठीं शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजी त्या मंडळींपैकीं एक. या शाळांत शिकविणारे हे तरुण पुरुषच होते, आणि आरंभीं ते वेतनाशिवाय शिकवीत. शिकलेल्या स्त्रियाच नव्हत्या, तर शिक्षिका आणावयाच्या कोठून? तेव्हां वेगळेपणाचें सोंवळें अगदीं पहिल्या दिवसापासून सोयीप्रमाणें पाळलें गेलें आहे. विद्यार्थ्यांत पुरुष चालत नव्हता, खुर्चीवर चालत होता.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं, २९ सप्टेंबर १८८४ रोजीं, पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित अशा मंडळींनीं त्यासाठीं खटपट केली होती. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा जेथें होती त्या जागेंत ही शाळा नांदूं लागली, आणि लोकांनीं तिला जागेचेंच नांव देऊन टाकलें : हुजूरपागा.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ही शाळा सर्वस्वी मुलींची होती. मुलग्यांचें वारेंही तिला लागत नव्हतें. तरी तिच्यावर टीका झाली, आणि ती कोणा ऐऱ्यागैऱ्यानें केली नव्हती. टिळकांनीं आपल्या पत्रांतून जो आक्षेप घेतला तो तेथील अभ्यासक्रमावर व शाळेच्या दिवसभराच्या वेळेवर. इंग्रजी धाटणीचें शिक्षण घेऊन मुली संसाराला पारख्या होतील, त्यांना घरांत उपयोगीं पडतील असेच विषय शिकवावेत, असा त्या टीकेचा रोख होता. म्हणजे भिंत घालूनही भांडण मिटलें नाहीं. कारण भांडण भिंतीविषयीं नव्हतेंच. फळ्यावर काय लिहावयाचें, याविषयीं तें होतें.

आगरकरांनीं ही गांठ बरोबर ओळखली होती. त्यांच्या एका प्रसिद्ध निबंधाच्या मथळ्यांतच त्यांचें म्हणणें आलें आहे : स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावें, व तेंही एकत्र द्यावें. मथळ्यांतील क्रम पाहण्यासारखा आहे. 'एकच' हा शब्द आधीं येतो, 'एकत्र' हा नंतर. पुढच्या काळांत वाद घालणारे बहुतेक जण दुसऱ्याच शब्दावर अडून बसले, आणि पहिला शब्द, जो खरोखर महाग होता, तो हळूहळू बाजूला पडला.

तिसरी वाट दाखविली ती धोंडो केशव कर्वे यांनीं. १९१५ सालीं मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हातीं आली होती. तिच्या आधारानें त्यांनीं या परिषदेंत स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं अवघ्या पांच विद्यार्थिनींवर तें विद्यापीठ सुरू करून दाखविलें. मातृभाषेंतून शिक्षण, आणि गृहशास्त्र व आरोग्य यांना अभ्यासक्रमांत मानाचें स्थान, हे त्याचे विशेष. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचें, नाथीबाईंचें, नांव विद्यापीठाला मिळालें. कर्वे स्वतः फर्गसन कॉलेजांत गणित शिकवीत असत. पुरुषांबरोबर त्याच परीक्षा देऊं पाहणाऱ्या स्त्रियांना त्यांचा विरोध नव्हता. ज्या शेंकडों स्त्रिया त्या परीक्षांपर्यंत कधींच पोंचणार नव्हत्या, त्यांच्यासाठीं त्यांनीं निराळा मार्ग काढला. विधवांना हिंगण्याच्या आश्रमांत आणून शिकवितांना जें त्यांना दिसलें होतें, त्यावरून ही योजना उभी होती. पण 'स्त्रियांना वेगळें शिक्षण' हे शब्द एकदां रूढ झाले, कीं ते कर्व्यांच्या हेतूपुरते थोडेच थांबतात? संसाराला पुरेल एवढेंच शिकवा, असें म्हणणारांनींही ते उचलले.

या सर्व वाटा एकाच घरांत आलेल्या पाहावयाच्या असतील तर कर्व्यांच्या सुनेकडे, इरावतीबाईंकडे, पाहावें. त्यांचा जन्म ब्रह्मदेशांतला. शिक्षणासाठीं त्यांना पुण्यास पाठविलें तें हुजूरपागेंत, म्हणजे मुलींच्या शाळेंत. तेथून त्या गेल्या फर्गसन कॉलेजांत, जेथें विद्यार्थी बहुसंख्येनें पुरुष होते. एम्. ए. त्या मुंबई विद्यापीठाच्या झाल्या, डॉक्टरेट त्यांनीं बर्लिनला मिळविली, आणि परत आल्यावर कांहीं वर्षें सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठाच्या कारभारांत रजिस्ट्रार म्हणून काम करून पुढें डेक्कन कॉलेजांत समाजशास्त्र व मानववंशशास्त्र शिकविलें. मुलींची शाळा नसती तर लहान वयांत पुण्यास त्यांना कोणी पाठविलें असतें कीं नाहीं, हा प्रश्न आहे. आणि त्या शाळेंत मुलग्यांच्या शाळेइतकेंच कसून शिकविलें नसतें, तर फर्गसनच्या वर्गांत त्या टिकल्या असत्या कीं नाहीं, हाही तितकाच प्रश्न आहे.

त्यांच्याही पूर्वीं, १८८० नंतरच्या दशकांत, त्याच डेक्कन कॉलेजांत कॉर्नेलिया सोराबजी शिकल्या. कॉलेजभर पुरुष विद्यार्थी आणि त्यांत ही एकटी मुलगी. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर होण्याचा मान त्यांना मिळाला, आणि पुढें त्यांनीं अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत पुरुष विद्यार्थ्यांना शिकविलें. अशीं उदाहरणें सहशिक्षणाचे पुरस्कर्ते मोठ्या अभिमानानें देतात. त्यांत एक गफलत होते. एकटी मुलगी शंभर मुलग्यांत टिकून राहिली, यावरून त्या मुलीचें धैर्य सिद्ध होतें. ती व्यवस्था चांगली होती असें सिद्ध होत नाहीं. सर्वांनाच असलें धैर्य असावें अशी अपेक्षा बारा वर्षांच्या मुलीकडून करणें अन्यायाचें आहे.

खेड्यांत हा वाद शहराइतका कधीं माजलाच नाहीं. एका गांवाला एक शाळा, एका शाळेला एक मास्तर; तेथें मुलींसाठीं वेगळी इमारत कोठून येणार? देवळाच्या पडवींत किंवा चावडींत, ज्या थोड्या मुली येत त्या मुलग्यांबरोबरच पाढे म्हणत. सयाजीराव गायकवाडांनीं १९०६ सालीं बडोदें संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें तें मुलींनाही लागू होतें. पैशाची टंचाई ही पुष्कळदां सुधारकापेक्षां मोठी सुधारक ठरते. अडचण निर्माण होई ती चौथीनंतर. पुढची शाळा दुसऱ्या गांवीं असे, आणि तेथें मुलगा चालत जाई, मुलगी घरीं राही.

वेगळ्या शाळेविषयीं बोलतांना महाराष्ट्राला दुसऱ्या एका वेगळ्या शाळेचाही अनुभव आहे, आणि तो विसरून चालणार नाहीं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं १९१९ सालीं आपल्या संस्थानांतील अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करण्याचा हुकूम काढला आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घ्यावें असें फर्माविलें. अस्पृश्यांचें वेगळेपण हा अपमान होता, मुलींचें वेगळेपण ही निदान वरवर पाहतां काळजी होती; दोन्ही एका मापानें मोजतां येत नाहींत. तरी जमाखर्चाच्या वहीला हा भेद कळत नाहीं. ज्यांना वेगळें बसविलें, त्यांच्या वाट्याला इमारत कोणती आली, शिक्षक किती आले, आणि शास्त्राचीं उपकरणें आलीं कीं नाहीं, हे प्रश्न दोन्ही ठिकाणीं सारखेच विचारावे लागतात. मुलींच्या शाळेंत शिवणयंत्रें आहेत आणि भिंगें नाहींत, असें आढळलें, तर ती काळजी कसली, हेंही विचारावें लागतें.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचा पद्धतशीर विचार झाला तो हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालीं १९६२ च्या सुमारास नेमलेल्या समितींत. या बाईंची निवड फार योग्य होती. महिला विद्यापीठाच्या कुलगुरु त्या होऊन गेल्या होत्या, आणि स्त्रीपुरुष एकत्र शिकतात अशा बडोद्याच्या विद्यापीठाच्याही कुलगुरु होत्या. राष्ट्रसंघांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असतां 'सर्व पुरुष' या अर्थाचा शब्द काढून 'सर्व मानव' असा शब्द घालण्याचा आग्रह धरणाऱ्याही त्याच. त्यांच्या समितीनें प्राथमिक शाळेंत सहशिक्षण हाच सर्वसाधारण नियम असावा असें सांगितलें. माध्यमिक शाळा व कॉलेज यांच्या बाबतींत मात्र एकत्र कीं वेगळें, हें संस्थाचालकांवर व पालकांवर सोडलें. पण एका मुद्द्यावर तिनें कोणालाच मोकळीक ठेविली नाहीं : मुलगा व मुलगी म्हणून प्राथमिक अभ्यासक्रमांत भेद करूं नये, आणि गृहशास्त्र शिकवावयाचें तर तें दोघांनाही शिकवावें. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानें या मताला पाठिंबा दिला आणि पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणांत गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचें असावें असें सुचविलें. आगरकरांच्या मथळ्यांतील पहिल्या शब्दाला, असें म्हणावयास हरकत नाहीं, अशा रीतीनें पाऊणशें वर्षांनीं सरकारी कागदावर जागा मिळाली.

अभ्यास कोठें चांगला होतो, हें मोजून पाहण्याचे प्रयत्न परदेशीं बरेच झाले आहेत. जॅनेट हाईड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं २१ देशांतील १८४ पाहण्या एकत्र करून तपासल्या. त्यांत सुमारें सोळा लक्ष विद्यार्थी येत होते. घरची स्थिति, आधींची हुशारी वगैरे गोष्टी ज्या पाहण्यांत नीट हिशेबांत घेतल्या होत्या, तेथें एकत्र व वेगळ्या शाळांच्या निकालांत सांगण्यासारखा फरक उरला नाहीं. याच्या उलट दक्षिण कोरियांतील सेऊल शहरांत, जेथें मुलांना हायस्कुलें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वांटून दिलीं जातात, तेथें वेगळ्या शाळांतील मुलामुलींचे गुण कांहींसे अधिक आढळले. त्रिनिदादमध्यें किराबो जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञानें पाहिलें तेव्हां ज्यांना वेगळी शाळा मनापासून हवी होती अशांना, विशेषतः मुलींना, तिचा लाभ झालेला दिसला. बाकीच्या बहुतेकांना कांहीं झाला नाहीं. आणि त्याच पाहणींत, केवळ मुलींच्या शाळांतील मुली विज्ञानाचे विषय कमी घेतात, असेंही आढळलें. गुणपत्रिका घेऊन भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनीं यावरून आपापलीं पत्रकें थोडा वेळ मिटून ठेवावींत हें बरें.

आपल्या देशांत जें मोजलें गेलें आहे तें अधिक बोलकें आहे, कारण तें शाळेच्या दारापर्यंत पोंचण्याविषयींचें आहे. शिकागो विद्यापीठांतील अंजली अदुकिया यांनीं भारतीय शाळांत शौचालयें बांधल्यावर मुलांच्या संख्येंत काय फरक पडला हें तपासलें. लहान मुलांच्या शाळांत कोणतेंही शौचालय झालें तरी संख्या वाढली. ऋतुप्राप्तीच्या वयाच्या मुलींची संख्या मात्र मुख्यतः तेव्हांच वाढली, जेव्हां त्यांच्यासाठीं वेगळें शौचालय बांधलें गेलें. बिहारमध्यें २००६ पासून नववींत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यांत आल्या. त्या योजनेची पाहणी करणाऱ्या कार्तिक मुरलीधरन् व निशीथ प्रकाश यांना योग्य वयांत माध्यमिक शाळेंत जाणाऱ्या मुलींच्या प्रमाणांत ३२ टक्के वाढ दिसून आली. महाराष्ट्रांत खेड्यांतील मुलींना एस्. टी. च्या गाडींतून शाळेला फुकट जातां यावें म्हणून अहिल्याबाई होळकरांच्या नांवाची योजना आहे. या तिन्ही गोष्टींत वर्ग एकत्र कीं वेगळा याचा प्रश्नच येत नाहीं. एक आडोसा, दोन चाकें, गाडींतली एक जागा. सभेंत ज्यावर तास-तास बोललें जातें त्याच्याशीं ताडून पाहिलें, कीं मुलीचें शिक्षण किती लहान वस्तूंवर अडतें हें कळतें.

वर ज्या वाटा सांगितल्या त्यांत रानड्यांच्या मंडळींची वाट 'वेगळें पण तेंच', कर्व्यांची 'वेगळें व निराळें', आणि आगरकरांची 'एकत्र व तेंच'. चवथी एक वाट उरते, एकत्र पण निराळें. ती कोणा सुधारकानें सुचविली नाहीं, कोणा आयोगानें शिफारस केली नाहीं. तरी पुष्कळ शाळांनीं तीच न सांगतां पत्करली आहे. पूर्वीं कॉलेजांत मुली त्यांच्या खोलींत थांबत, प्राध्यापक निघाले कीं त्यांच्या मागोमाग वर्गांत येत, पुढच्या बांकांवर बसत आणि तास संपतांच त्यांच्याच मागोमाग बाहेर पडत. यालाही सहशिक्षणच म्हणत. तो रिवाज गेला, पण त्याचा अंश शाळांत पुष्कळ शिल्लक आहे. डावीकडील बांक मुलींचे, उजवीकडील मुलग्यांचे. पाहुणे आले कीं रांगोळी, स्वागतगीत आणि गुलाबाचीं फुलें मुलींकडे. टेबलें उचलणें, ध्वनिक्षेपक लावणें, पडदा बांधणें मुलग्यांकडे. मैदान मधल्या सुट्टींत मुलग्यांचें, कडेची पायरी मुलींची. बोलावें तर चिडवितील म्हणून दोघेही गप्प. गलका करणाऱ्या मुलग्याला 'मुलींमध्यें बसवीन' अशी जी शिक्षा गुरुजी सुनावतात, तिच्यांत मुलगा काय शिकतो आणि मुली काय शिकतात, याचा हिशेब कोणत्याही परीक्षेंत होत नाहीं. अशा वर्गांत पटावर नांवें एकत्र असतात एवढेंच.

मुलग्यांचा विचार या वादांत शेवटीं येतो, तोही घाईनें. वेगळ्या शाळेंत मुलीचें काय होईल हें सर्व विचारतात. मुलींशिवाय वाढलेल्या मुलग्याचें काय होतें हें थोडेच विचारतात. दहा वर्षें ज्यानें आपल्यापेक्षां गणितांत हुशार अशी एकही मुलगी वर्गांत पाहिली नाहीं, तो पुढें कचेरींत स्त्री अधिकाऱ्याच्या हाताखालीं कसा वागेल? ज्यानें मुलीला चुकतांना, चिडतांना, हरतांना व जिंकतांना पाहिलें आहे, त्याला स्त्री ही देवता किंवा संकट अशा दोनच रूपांत दिसणार नाहीं, एवढी आशा करावयास जागा आहे. पूर्वीं मोठ्या कुटुंबांतून चुलतबहिणी, मावसबहिणी, आत्येबहिणी यांच्यांत मुलगा वाढे आणि हें ज्ञान त्याला आपोआप मिळे. एकुलत्या एका मुलाच्या घरांत तें मिळण्याचें ठिकाण शाळेशिवाय दुसरें कोणतें? सहशिक्षणाच्या बाजूनें देण्यासारखें सर्वांत बळकट कारण बहुधा हेंच आहे, आणि तें मुलीच्या हिताचें जितकें, तितकेंच मुलग्याच्या हिताचें आहे. पण तें खरें ठरावयाचें तर मुलग्याची वागणूक सुधारण्याचें काम मुलीवर टाकून शाळा मोकळी होऊं शकत नाहीं. चिडविणाऱ्याला आवर घालावयाचा तो गुरुजींनीं. त्याला सुधारण्यासाठीं मुलीनें सोसावें, असें म्हणणें म्हणजे जुनाच संसारधर्म तिला बाराव्या वर्षीं शिकविणें होय.

आतां वेगळ्या शाळा मोडून एकत्र करण्याकडे ओढा वाढतो आहे. केरळच्या बालहक्क आयोगानें जुलै २०२२ मध्यें २०२३-२४ पासून राज्यांत फक्त सहशिक्षणाच्याच शाळा असाव्यात असा आदेश काढला. पुण्यामुंबईच्या जुन्या शिक्षणसंस्थांतही जवळजवळ उभ्या असलेल्या मुलग्यांच्या व मुलींच्या शाळांच्या जोड्या आहेत. पटसंख्या घटूं लागली, कीं त्यांच्या एकत्रीकरणाचा विचार खर्चाच्याच बाजूनें आधीं सुचतो. शहरांत, जेथें मुलीला घराबाहेर पाठविण्याचा प्रश्न उरलेला नाहीं, तेथें ही दिशा योग्य आहे असें म्हणतां येईल. परंतु ज्या वस्त्यांतून मुलीला मुलींच्याच शाळेंत पाठवूं, नाहीं तर पाठवणार नाहीं, असें म्हणणारीं घरें अजून आहेत, तेथील मुलींच्या शाळेवर तत्त्वाखातर कुलूप लावणें म्हणजे तत्त्व राखून मुलगी गमावणें होय. ती शाळा चालू ठेवावी, आणि तींत भिंगें, परीक्षानळ्या व गणिताची चांगली शिक्षिका आणून द्यावी.

आणि जेथें दोन शाळा एक होतील, तेथें पहिल्या वर्षीं कांहीं साध्या गोष्टी कोणी तरी वहींत टिपून ठेवावयास हव्यात. दोन मुख्याध्यापकांच्या खुर्च्यांपैकीं कोणती राहिली, बाईंची कीं सरांची. मुलींच्या शाळेंतील शिक्षिकांपैकीं किती जणी नव्या शाळेंत आल्या. आठवीच्या वर्गांतून किती मुली नववींत गेल्या आणि किती गळाल्या. मुलींच्या शौचालयाची किल्ली कोणाकडे असते. प्रयोगशाळेंत उपकरणाला हात कोण लावतो आणि वहींत आकृति कोण काढतें. मधल्या सुट्टींत मैदानाच्या कडेची पायरी रिकामी असते कीं भरलेली.